छातीत स्टेंट आणि रात्री घोरणे: स्लीप ॲप्निया आणि हृदयाच्या धमन्या

डिचोलीकर | सोमवार, रात्री ९.१०

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू सगळ्याची नोंद असते. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे मात्र क्वचितच लिहिलेले दिसते. धागा त्यासाठीच काढतो आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या निवेदनाप्रमाणे उच्च रक्तदाब, हृदयधमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडणे) असलेल्या रुग्णांत स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचे, प्रमाण ४० ते ८० टक्के आहे. म्हणजे हृदयरोगाच्या ओपीडीत बाकावर दहा जण बसले असतील तर त्यांतल्या किमान चौघांना. आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.

आधी व्याख्या, कारण झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की गोंधळ इथेच सुरू होतो. श्वासाचा प्रवाह ९० टक्के किंवा अधिक घटला आणि निदान १० सेकंद तसाच राहिला, तर तो ॲप्निया. प्रवाह ३० टक्के किंवा अधिक घटला, १० सेकंद टिकला आणि सोबत ऑक्सिजन ३ टक्क्यांनी उतरला किंवा मेंदूला क्षणभर जाग आली, तर तो हायपॉप्निया. झोपेच्या एका तासात हे दोन्ही मिळून किती वेळा झाले, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. काही ठिकाणी हायपॉप्नियासाठी ३ ऐवजी ४ टक्के घसरण धरतात आणि मग त्याच रात्रीचा एएचआय कमी येतो. दोन रिपोर्टांची तुलना करण्याआधी खाली बारीक अक्षरात कोणता नियम लावला आहे ते वाचा.

ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकारात घशाची वाट बंद होते, पण छाती-पोट ओढ घेत राहतात. सेंट्रल प्रकारात मेंदूकडून श्वास घेण्याचा हुकूमच येत नाही. इथे चर्चा पहिल्याची. किस्से नकोत, नेमकी माहिती लिहा.

---

श्वासरेषा | सोमवार, रात्री ९.५५

चांगला विषय. तपासणीच्या पडद्यावर एक झटका कसा दिसतो ते सांगते, म्हणजे हृदयाचा संबंध आपोआप कळेल.

नाकाच्या नळीची रेघ सपाट होते. त्याच वेळी छातीचा पट्टा आणि पोटाचा पट्टा एकमेकांच्या उलट हलायला लागतात, एक फुगतो तेव्हा दुसरा आत जातो, कारण घसा मिटलेला असला तरी श्वासपटल ओढतंच आहे. घोरणं थांबतं. शेजारी झोपलेल्याला वाटतं, चला, शांत झोप लागली. बोटावरच्या ऑक्सिमीटरची रेघ मात्र लगेच पडत नाही. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून ती काही सेकंद मागे असते. मग ९४, ९१, ८६, ८१. नाडी संथ होत ५४ वर येते. मग ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या नोंदीत) जाग दिसते, हनुवटीचा स्नायू ताठतो, मोठा घुरका येतो, आणि पाच-सहा ठोक्यांत नाडी ९२. वाट उघडल्यावरही ऑक्सिजनचा सर्वांत खालचा आकडा त्यानंतर थोड्या वेळाने येतो.

म्हणजे नाडी आणि बीपी उसळी घेतात तेव्हाच रक्तात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. एएचआय ४० असेल तर हे दर दीड मिनिटाला एकदा, रात्रभर.

---

फोंडा_कॅथलॅब | सोमवार, रात्री १०.३०

+१. याला हृदयाच्या बाजूने जोड देतो.

इतर स्नायू रक्तातला थोडा ऑक्सिजन घेतात आणि बाकीचा गरज पडली तर राखून असतो. हृदयाचा स्नायू आरामातसुद्धा त्याला मिळालेल्या रक्तातला जवळजवळ तीन चतुर्थांश ऑक्सिजन काढून घेतो. मागणी वाढली तर त्याच्याकडे एकच उपाय उरतो, जास्त रक्त मागवणे. धमनीत ७० टक्के अडथळा असेल तर तेच जमत नाही. शिवाय डाव्या बाजूच्या धमन्यांत रक्त मुख्यतः हृदय सैल पडते त्या वेळात भरते, आणि नाडी वाढली की नेमका तोच वेळ आखडतो.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. घसा बंद असताना छाती आत ओढते तेव्हा छातीतला दाब उणे ६० सेंटीमीटर पाण्याइतका खाली जाऊ शकतो. हृदयाला बाहेरून सगळ्या बाजूंनी ओढ बसते आणि त्या ओढीविरुद्ध आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलावे लागते. डाव्या कप्प्यावर हा जादा भार आहे. वरचे कप्पेही ताणले जातात. ताणलेल्या कप्प्यातून लघवी वाढवणारे संप्रेरक सुटते, म्हणून असे लोक रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठतात. प्रोस्टेट आणि साखर तपासून काही सापडले नाही तर घोरण्याबद्दल विचारा.

हे झाले रात्रीचे. वर्षानुवर्षांचे नुकसान वेगळे. ऑक्सिजन पडणे आणि पुन्हा भरणे या चक्राने धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवते, दाह वाढतो, सिम्पथेटिक मज्जासंस्था (नाडी-बीपी वाढवणारी) दिवसाही चढलेली राहते. निरोगी माणसाचे बीपी रात्री दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरते, यांचे उतरत नाही. लघवीच्या गोळीसह तीन औषधे पूर्ण डोसमध्ये देऊनही बीपी आटोक्यात नसेल तर स्लीप ॲप्निया शोधायलाच हवा.

२००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. हृदयामुळे अचानक मृत्यू आलेल्या ज्यांची आधी झोपेची तपासणी झालेली होती, अशा ११२ जणांची वेळ पाहिली. स्लीप ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले. नसलेल्यांत हेच प्रमाण २१ टक्के. एरवी सकाळी उठल्यानंतरचे तास धोक्याचे मानतात. इथे घड्याळच बदलले.

---

पेडणे_वैजयंती | मंगळवार, सकाळी ७.४०

मग घोरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायची का? गावात निम्मी माणसं घोरतात.

---

डिचोलीकर | मंगळवार, सकाळी ८.१५

नाही वैजयंतीताई, आधी चाळणी लावायची. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: बंद दाराबाहेर ऐकू येईल असे घोरणे, दिवसा थकवा किंवा झोप, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मान ४० सेंटीमीटरपेक्षा जाड, पुरुष. प्रत्येकाला एक गुण. ० ते २ कमी धोका, ३-४ मध्यम, ५ पासून पुढे जास्त. मान मोजताना टेप कंठमण्याच्या पातळीवर धरा, फार आवळू नका.

बीएमआयच्या गुणावर फार विसंबू नका. आपल्याकडे हनुवटी आत गेलेली, जबडा लहान, जीभ मोठी अशी सडपातळ माणसेही असतात, आणि त्यांचा घसा तसाच मिटतो. बायकांच्या बाबतीत तर यादी कमीच पडते. त्यांच्या तक्रारी बहुधा घोरण्याच्या नसतात, 'झोप लागत नाही', 'सकाळी डोके जड', 'अंगात त्राण नाही' अशा असतात, आणि त्या चाळिशीच्या किंवा रजोनिवृत्तीच्या खात्यात टाकल्या जातात.

हृदयरुग्णांची आणखी एक मेख आहे. यांच्यातल्या पुष्कळांना दिवसा झोप येतच नाही. एपवर्थ स्केलवर २४ पैकी १० पेक्षा जास्त आले की झोपाळूपणा धरतात, यांचे ५-६ येतात आणि डॉक्टर पुढचा विचार सोडून देतात. स्टेंट किंवा बायपास झालेल्याच्या बाबतीत 'दिवसा झोप येत नाही' या उत्तरावर थांबू नये.

घरी करण्यासारखे एक: पहाटे तीन ते पाच या वेळात, माणूस उताणा झोपलेला असताना, मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. अंगावर पातळ चादर असावी आणि छाती-पोट चौकटीत दिसावे, नुसते तोंड नको. आवाज बंद आणि पोट-छाती झुलते आहे, मग घुरका, हे एकदा जरी दिसले तरी डॉक्टरांना पुरे.

---

सत्तरी_मधुकर | मंगळवार, दुपारी १.०५

घरी नेऊन करायची छोटी तपासणी स्टेंटवाल्याला चालते का? की रात्रभर लॅबमध्येच झोपावे लागते? आणि मनगटावरच्या घड्याळात ऑक्सिजन दिसतो त्याचे काय?

---

श्वासरेषा | मंगळवार, दुपारी २.५०

मधुकरदादा, घड्याळापासून सुरू करते. ते अधूनमधून आकडा घेतं. घसरण वीस-तीस सेकंदांची असते, ती दोन आकड्यांच्या मधून निसटते. घड्याळात ९६ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ८५ दिसलं तर दुर्लक्ष करू नका. बोटावरचा रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर वेगळा, त्यावरून तासाला किती घसरणी झाल्या ते कळतं. त्या बोटाला नेलपेंट नसावं.

घरच्या तपासणीत नाकाची नळी, छाती-पोटाचे पट्टे, ऑक्सिमीटर आणि कुशीची नोंद असते, पण मेंदूच्या तारा नसतात. त्यामुळे माणूस कधी झोपला ते यंत्राला कळत नाही आणि ते सगळ्या नोंदलेल्या वेळाने भागतं. समजा रात्रीत १०० झटके आले. पट्टे आठ तास बांधलेले होते म्हणून यंत्र म्हणेल १२.५, सौम्य. झोप खरी पाचच तास लागली असेल तर खरा आकडा २०, मध्यम. वळण तिथेच चुकतं.

म्हणून नियम असा: तब्येत एरवी ठीक, लक्षणं ठळक, तर घरची तपासणी पुरते. हार्ट फेल्युअर, हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, फुप्फुसाचा जुना आजार, पक्षाघात होऊन गेलेला, वेदनेसाठी अफूवर्गातली औषधं चालू, तर लॅबमधली पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी. सेंट्रल झटके तिथेच नीट ओळखता येतात. घरची तपासणी 'काही नाही' सांगते आणि नवरा किंवा बायको 'श्वास थांबतो' म्हणते, तेव्हाही लॅब.

वेळेचंही पाहा. अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांत तपासणी केली तर आकडा फुगून येऊ शकतो: माणूस उताणा पडून असतो, सलाइनचं पाणी अंगात असतं, झोपेची औषधं दिलेली असतात. तीव्र आजार उघड दिसत असेल तर थांबू नये, पण सीमेवरचा आकडा असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं.

तपासणीच्या दिवशी: केसांना तेल नको, डोक्यावरच्या तारा चिकटत नाहीत. दुपारी झोप काढू नका, तीननंतर चहा-कॉफी नको, नेहमीची औषधं घ्या आणि त्यांची यादी सोबत आणा. रिपोर्टमध्ये एएचआयबरोबर तीन आकडे मागा: उताण्या अवस्थेतला एएचआय, आरईएम (स्वप्नं पडतात त्या) झोपेतला एएचआय, आणि ऑक्सिजन ९० च्या खाली एकूण किती वेळ राहिला. एएचआय २५ च्या दोन माणसांत एकाचा ऑक्सिजन ९० वर थांबतो, दुसऱ्याचा ७० ला जातो. हृदयाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत.

---

झुआरीकाठ | मंगळवार, रात्री ९.२०

सगळे पटते, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर वाचणारा उद्या मशीन घेईल आणि गोळ्या सोडेल. सीपॅपने, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनने, पुढचा हार्ट अटॅक टळतो हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

सेव्ह चाचणी, २०१६. हृदयधमनी किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २७१७ जण, मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया, सरासरी ३.७ वर्षे पाठपुरावा, सात देशांत, भारतही त्यात होता. हृदयाच्या मोठ्या घटना सीपॅप गटात १७.० टक्के, दुसऱ्या गटात १५.४ टक्के. फरक अर्थपूर्ण नाही. स्पेनमधली इसाक चाचणी, २०२०, अटॅक किंवा अस्थिर अंजायना होऊन दाखल झालेले रुग्ण. तिथेही फरक नाही. घोरणे, दिवसाची झोप, मूड, जगण्याचा दर्जा सुधारला, हे मान्य. पण ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीपीची औषधे, तंबाखू बंद, यांच्या पंगतीला सीपॅप बसवू नका.

---

फोंडा_कॅथलॅब | मंगळवार, रात्री १०.०५

झुआरीकाठ, आकडे बरोबर आहेत आणि इशाराही गरजेचा आहे. पण त्याच चाचण्यांतला एक आकडा तुम्ही सोडलात. सेव्हमध्ये मशीन रात्री सरासरी ३.३ तास लावले गेले. इसाकमध्ये २.७८ तास. रात्री सात तास झोपणाऱ्याने अर्धी रात्रसुद्धा मास्क लावला नाही.

आता ते तीन तास कोणते ते पाहा. माणूस अकराला मास्क लावून झोपतो, दोनला लघवीला उठतो, मास्क काढतो आणि परत लावत नाही. आरईएम झोप मुख्यतः रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येते. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात, झटके सर्वांत लांब आणि ऑक्सिजन सर्वांत खाली. म्हणजे सोपी झोप मशीनवर गेली आणि अवघड झोप उघड्यावर. वर लिहिलेली मध्यरात्र ते सहा ही वेळही याच भागात येते.

२०२३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात सेव्ह, इसाक आणि स्वीडनमधली रिकॅडसा या तिन्ही चाचण्यांतल्या ४१८६ रुग्णांची वैयक्तिक माहिती एकत्र करून पाहिली. सगळ्यांना धरून फरक नाही. रोज चार तास किंवा अधिक वापरणाऱ्यांत मात्र पुढच्या घटनांचा धोका ३१ टक्क्यांनी कमी.

---

झुआरीकाठ | मंगळवार, रात्री १०.४०

त्या ३१ टक्क्यांवर माझा एक आक्षेप राहतो. जो माणूस रोज नेमाने मास्क लावतो तो गोळ्याही नेमाने घेतो, चालायलाही जातो. फायदा मशीनचा किती आणि शिस्तीचा किती, हे त्या आकड्यातून पूर्ण वेगळे काढता येत नाही. आणि चाचण्यांत फार झोपाळू रुग्ण घेतलेच नव्हते, कारण त्यांना उपचाराविना ठेवणे नैतिक नव्हते. सर्वांत जास्त फायदा कदाचित त्यांनाच झाला असता.

पण तास वाढवा या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे. दोनला उठल्यावर मास्क परत लावणे, एवढे जरी या धाग्यातून लोकांनी उचलले तरी पुष्कळ.

---

केपे_उपकरण | बुधवार, सकाळी ६.५५

तास वाढत नाहीत याची कारणे बहुधा यंत्राची असतात, आणि ती दुरुस्त होतात. गोव्याच्या हवेचा विचार करून लिहितो.

सीपॅप म्हणजे ऑक्सिजन नव्हे. साधी खोलीतली हवा ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाने नाकातून सोडतात, ती घशाला आतून टेकू देते. कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीत १९८१ मध्ये हे पहिल्यांदा दाखवले आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

मास्क. नाक मोकळे आणि तोंड बंद राहत असेल तर नाकाचा मास्क, तो लहान आणि गळती कमी. तोंड उघडे पडत असेल तर नाक-तोंड झाकणारा. पट्टे आडवे झोपून, मशीन चालू ठेवून आवळा. बसून आवळलेला मास्क झोपल्यावर गळतो, कारण गाल खाली सरकतात. दोन बोटे पट्ट्याखाली गेली पाहिजेत. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला की लोक अजून आवळतात. उलट करायचे असते: सैल करून मास्क किंचित चेहऱ्यापासून ओढा, गादीत हवा भरू द्या आणि परत टेकवा. वळ तरीही राहिला तर माप चुकले आहे. जाड मिशी असेल तर नाकपुड्यांना टेकणारा पिलो मास्क पाहा.

गळती किती चालते? मशीनच्या अहवालात मिनिटाला २४ लिटरच्या खाली राहिली तर बहुतेक मशीन नीट मोजतात. त्यावर गेली की दाबही चुकतो आणि एएचआयचा आकडाही विश्वासाचा राहत नाही.

पाणी. ह्युमिडिफायरच्या टाकीत मेडिकलमधले डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे किंवा नळाचे पाणी टाकले तर तळाला पांढरा थर धरतो. पेट्रोल पंपावरचे बॅटरीचे पाणी अजिबात नको. एखाद्या रात्री काहीच नसेल तर उकळून गार केलेले चालेल. थर धरला असेल तर एक भाग पांढरे व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास भिजत ठेवून स्वच्छ धुवा.

पावसाळ्यात टाकी रोज सकाळी रिकामी करून पालथी ठेवा. पाणी तसेच राहिले तर आपल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशीचा वास येतो. मास्कची गादी रोज साध्या साबणाने धुवा, चेहऱ्याचे तेल राहिले की ती घसरते. नळी आठवड्यातून एकदा धुवा आणि सावलीत लटकवून वाळवा. उन्हात घातली तर प्लॅस्टिक कडक होते. खाणपट्ट्यात आणि चिऱ्याच्या खाणींजवळ लाल धूळ फिल्टरवर बसते. तिथे फिल्टर दर आठवड्याला पाहा, लाल झाला की बदला, झटकून परत घालू नका.

रात्री नळीतून गुडगुड आवाज येतो किंवा तोंडावर पाण्याचे थेंब पडतात: एसी लावलेल्या खोलीत गरम ओली हवा थंड नळीत गेली की तिथे पाणी साचते. आर्द्रता एक-दोन पायऱ्यांनी उतरवा, नळीला कापडी खोळ घाला, आणि मशीन डोक्याच्या पातळीखाली ठेवा म्हणजे साचलेले पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे जाईल. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतच इतकी वाफ असते की एसी नसलेल्या खोलीत पुष्कळांना हीटर बंद ठेवूनही चालते.

वीज. मिरगाचा पहिला पाऊस आला की वीज जाणारच. हीटर बंद ठेवला तर मशीन साधारण ३० ते ४० वॅट घेते, हीटर चालू केला की याच्या दुप्पट-तिप्पट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या घरगुती इन्व्हर्टरवर मशीन आणि एक पंखा रात्रभर आरामात चालतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर गरम होतो. 'वीज गेली तर गुदमरेन' ही भीती अनेकांना मास्क लावू देत नाही. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, दाब गेला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. झडप दर महिन्याला पाहा. फाटली किंवा चिकटली असेल तर मास्क वापरू नका.

पोट फुगणे, सकाळी ढेकर: हवा गिळली जाते आहे, दाब जास्त असेल. डॉक्टरांना विचारून कमाल दाब उतरवा. नाक चोंदणे: झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणे, गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेला स्प्रे.

---

पेडणे_वैजयंती | बुधवार, सकाळी ९.३०

किती उपयोगी लिहिलंय! ज्यांना मास्क जमतच नाही त्यांचं काय? आणि जेवणाआधी थोडी फेणी घेतली की झोप चांगली लागते असं म्हणणारे घरोघर आहेत.

---

डिचोलीकर | बुधवार, दुपारी १२.२०

फेणी असो, मार्च ते मे मधला हुर्राक असो, दारूने झोप लवकर लागते हे खरे. पण जिभेला पुढे धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो आणि जाग येण्याचा उंबरठा वर जातो, त्यामुळे झटके वाढतात आणि लांबतात. झोपण्याआधीच्या चार तासांत नको. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. 'रात्री झोप येत नाही' म्हणणाऱ्या स्टेंटवाल्याला ती देण्याआधी झोपेची तपासणी व्हायला हवी.

कुशीवर झोपणे ज्यांचा उताणा एएचआय कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त आहे त्यांना खरेच उपयोगी पडते. बनियनच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. माणूस उताणा वळला की टोचतो. एका उशीने मागे टेकू देऊन काम भागत नाही, ती दोनला खाली पडलेली असते.

वजन: विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन १० टक्क्यांनी वाढले तर एएचआय सुमारे ३२ टक्के वाढतो आणि १० टक्क्यांनी उतरले तर सुमारे २६ टक्के घटतो असा हिशेब आला होता. ९० किलोच्या माणसाने ९ किलो उतरवणे म्हणजे एएचआय ४० वरून साधारण ३०. उपयोग मोठा, पण मशीन सुटेलच असे नाही. टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजुरी दिली. ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच.

जबडा पुढे धरणारे तोंडातले उपकरण सौम्य-मध्यम आजारात चालते. त्यासाठी पुरेसे घट्ट दात लागतात, कवळीवाल्यांना नाही. झोपेचे काम करणारे दंतवैद्य माप घेऊन बनवतात आणि हळूहळू पुढे सरकवतात. ऑनलाइन मिळणारे उकळत्या पाण्यात मऊ करून चावायचे साचे जबड्याचा सांधा दुखवतात.

---

सत्तरी_मधुकर | बुधवार, सायंकाळी ६.१५

बायपाससाठी तारीख मिळालेल्या माणसाने काय सांगायचे? मशीन हॉस्पिटलात न्यायचे का? आणि जुने मशीन ओळखीतून स्वस्तात मिळते आहे, घ्यावे का?

---

फोंडा_कॅथलॅब | बुधवार, रात्री ८.५०

न्यायचे. मशीन, मास्क, नळी, अडॅप्टर, सगळ्यावर नाव लिहून. भूलतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगा: एएचआय किती, दाब किती, मास्क कोणता. भुलीनंतर आणि वेदनाशामक इंजेक्शनांनंतरची पहिली एक-दोन रात्र घसा जास्तच मिटतो. तपासणी झालेली नसेल पण स्टॉप-बँग ५ किंवा जास्त असेल तर तेही सांगा, ते तुम्हाला ॲप्निया आहे असे धरूनच चालतील. अँजिओग्राफीच्या टेबलावर उताणे, सपाट झोपावे लागते आणि गुंगीचे औषध देतात, तेव्हाही हेच.

एक इशारा हार्ट फेल्युअरवाल्यांसाठी. एएसव्ही नावाचे महागडे मशीन सेंट्रल ॲप्नियासाठी असते. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेल्यांत त्याने हृदयाचे मृत्यू वाढले. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) ताजा आकडा न पाहता कुणी ते सुचवले तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि रात्री श्वास अडकून जाग येते ती घुसमट काही सेकंदांत थांबते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बसूनही कमी होत नाही, तर तो ॲप्निया समजून मास्क लावत बसू नका. १०८ लावा. ईसीजी जवळच्या सरकारी केंद्रात लगेच होतो, तिथून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायचे की नाही ते तेच ठरवतात. दुचाकीवरून, स्वतः गाडी चालवून जाऊ नका.

---

केपे_उपकरण | बुधवार, रात्री ९.३५

जुन्या मशीनबद्दल. आधी मॉडेल आणि बनावटीची तारीख पाहा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये पहिल्या पिढीचे ड्रीमस्टेशन आणि इतर काही मशीन परत मागवली होती, आतला आवाज दाबणारा फोम झडून हवेबरोबर येऊ शकतो म्हणून. त्या यादीतले मशीन कितीही स्वस्त मिळाले तरी नको. बाकीचे घ्यायचे असेल तर मेनूत एकूण चाललेले तास बघा, मास्क, नळी, टाकी, फिल्टर नवीन घ्या, आणि दुसऱ्याच्या दाबावर एक रात्रही झोपू नका. सेटिंग तुमच्या रिपोर्टप्रमाणे बदलून घ्या.

चालू मशीनचे चार आकडे दर महिन्याला वहीत लिहा आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना तीच वही न्या: सरासरी तास, चार तासांपेक्षा जास्त वापरलेल्या रात्री, उरलेला एएचआय, गळती. उरलेला एएचआय ५ च्या खाली हवा. तो १० च्या वर असेल आणि त्यात 'क्लिअर एअरवे' झटके जास्त दिसत असतील तर ते सेंट्रल आहेत, दाब वाढवून उपयोग नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत असे दिसते आणि बहुतेकांचे आपोआप बसते. दोन-तीन महिन्यांनंतरही राहिले तर इको पुन्हा करून घ्या.

तासांच्या शेजारी मशीन कोणत्या वेळात चालू होते तो आलेख असतो, तोही उघडून बघा. पट्टी अकरा ते दोनमध्येच संपत असेल तर आज रात्री नळी बेडच्या कडेला हुकात अडकवा. लघवीला जाताना मास्क काढू नका, बहुतेक मास्कना नाकाजवळ नळी सुटी करायचा जोड असतो. तेवढाच सोडा, मास्क चेहऱ्यावर राहू द्या, परत येऊन नळी टक करून बसवा.